वळणावरचा खांब

दर रविवारी सकाळी पाच-सहा माणसं जाड टायरांच्या सायकली घेऊन डांबरी रस्ता सोडत आणि जंगलातल्या खडीच्या वाटांना लागत. टोळीचं नाव त्यांनीच ठेवलं होतं, खडीमंडळ. मंडळाचा कप्तान पेशाने दातांचा डॉक्टर, त्यामुळे कोणी उलट बोललं की 'आ कर बघू' म्हणायची त्याला खोड. बाकी माणूस सोन्यासारखा, पण एका नियमाच्या बाबतीत कोणाचं ऐकायचा नाही.

नियम असा. जंगलात वाट फुटली की कप्तानाच्या मागे जो असेल त्याने तिथे उतरायचं आणि खांब व्हायचं. मागून येणाऱ्या प्रत्येकाला हात करून वाट दाखवायची. सगळ्यात शेवटी जो येतो त्याला म्हणायचं शेपूट. शेपूट दिसेपर्यंत खांबाने जागचं हलायचं नाही, आभाळ कोसळलं तरी नाही. शेपूट आलं की मग दोघांनी मिळून पुढच्यांना गाठायचं. कप्तान एकदा स्वतः दीड तास खांब होऊन पावसात उभा राहिला होता आणि ती गोष्ट त्याने आजवर निदान दोनशे वेळा सांगितली असेल.

धाकटीने त्या रविवारी हाच नियम कामाला लावायचं ठरवलं होतं. धाकटी म्हणजे चांगली त्रेचाळीस वर्षांची बाई, पण डोक्यावर थोरली बहीण असली की माणूस मरेपर्यंत धाकटंच राहतं. थोरली, म्हणजे ताई, शाळेत गणित शिकवायची. तिचा डावा गुडघा कुरकुरत असे आणि माणसं मोजायची तिला हौस, म्हणून मंडळात शेपूट कायम तीच. ज्या दोन बहिणींनी हे खूळ मिळून सुरू केलं, त्या दोन वर्षं एकमेकींशी कामापुरतंसुद्धा बोलत नव्हत्या. धाकटीने तर मंडळच सोडलं होतं. आज ती परत आली होती, आणि आली होती ती ताईला एकटं गाठायला.

झालं होतं ते असं. आई इस्पितळात होती. धाकटी तीन दिवस तीन रात्री त्या खोलीतल्या लोखंडी खुर्चीत बसून होती. चौथ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला, "तू घरी जा, अंघोळ कर, दोन घास खा. मी अर्ध्या तासात पोचतेच." आई शांत झोपली होती. धाकटी गेली. ताई वाटेत शाळेत परीक्षेचे पेपर द्यायला थांबली, तिथे कोणी अडवलं, आणि अर्ध्या तासाचे दोन तास झाले. तेवढ्यात आई गेली. जवळ कोणीच नव्हतं.

बाहेर बाकड्यावर मावशीने विचारलं, "अगं, जवळ होतं कोण?" ताई रडत होती. रडता रडता म्हणाली, "हीच होती. पण ही घरी निघून गेली."

एवढंच. पण नातेवाइकांत अशा वाक्याला पाय फुटायला किती वेळ लागतो! महिन्याभरात सगळ्या गोतावळ्यात ठरून गेलं की आईला एकटं टाकून गेली ती धाकटी. धाकटी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. दिवसाला साठ-सत्तर माणसांचं रक्त काढायचं, नळीवर नाव चिकटवायचं, माणसाला पुन्हा नाव विचारायचं, मगच पुढची सुई घ्यायची. अठरा वर्षांत तिची एक नळी इकडची तिकडे झाली नव्हती. अशा बाईला बेजबाबदार म्हणायचं, म्हणजे जीभ आहे म्हणून उचलायची आणि लावायची टाळ्याला. तिला ताईच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं, की घरी जा असं मीच सांगितलं. बाकी काही नको.

म्हणून ती पहिल्यापासून कप्तानाच्या मागच्या चाकाला चिकटून राहिली. बेकरीवाला दोनदा पुढे घुसू पाहत होता, त्याला तिने कोपराने मागे सारलं. टेकडीचा मोठा चढ संपला, पलीकडच्या उतारावर खडी चाकाखालून सरकायला लागली, दोन्ही बाजूंनी उंच झाडं, आणि खाली कुठेतरी नदीचा आवाज. उताराच्या तळाशी वाट फुटत होती. डावी वाट लाकडं कापायच्या बंद पडलेल्या गिरणीकडे जाऊन संपायची, उजवी नदीकाठाने चार किलोमीटर पुलापर्यंत. म्हणजे खांब आणि शेपूट यांना चार किलोमीटर एकत्र.

"तू थांब इथे," कप्तान म्हणाला आणि उजवीकडे दिसेनासा झाला.

ती थांबली. आधी बेकरीवाला आला, पाठीवरच्या पिशवीत पाव घेऊन. मग चष्म्याच्या दुकानवालं जोडपं आलं, नेहमीप्रमाणे भांडत. "ताई मागेच आहे," नवरा म्हणाला. "गुडघ्याला पट्टा बांधतेय. पाच मिनिटांत येईल," बायको म्हणाली. दोघंही गेली.

पाच मिनिटं झाली. पंधरा झाली. धाकटीने मनातल्या मनात वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. अर्धा तास झाला तशी तिला भूक लागली आणि रागही आला. खोऱ्यात फोनला रेंज नाही. ताई पडली असेल का? पण शेपटाच्या गळ्यात शिट्टी असते. अडलं तर तीन वेळा वाजवायची, आणि या खोऱ्यात शिट्टी दोन मैलांवर ऐकू जाते. शिट्टी वाजली नव्हती. मागे जाऊन बघावं, तर तेवढ्यात ताई कुठून तरी येईल, खांब नाही म्हणून गिरणीकडे वळेल, आणि मग काय! 'बघा, पुन्हा निघून गेली.' नको गं बाई. ती फक्त पहिल्या झाडांपर्यंत चालत गेली, जिथून फाटा दिसत होता, आणि दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडली, "ताईऽऽ!" एक पाखरू उडालं. बाकी काही नाही.

तासाभराने तिचे पाय अवघडले. ती सायकलभोवती फेऱ्या मारायला लागली. ताई मुद्दाम करतेय, असंही तिच्या मनात आलं, आणि लगेच त्या विचाराची लाज वाटली. कुठे दरीत पडून बेशुद्ध झाली असेल तर शिट्टी कोण वाजवणार? आता पाच मिनिटं, मग जायचंच, नियम गेला चुलीत. तिने हेल्मेटचा पट्टा आवळला.

तेवढ्यात घंटी वाजली. पण मागून नाही, पुढून, नदीच्या बाजूने. कप्तान होता. लालबुंद झालेला.

"अगं, होतीस कुठे तू?" तो सायकलवरून उतरायच्या आत ओरडला. "सगळे पुलावर वाट बघतायत!"

"मी? मी इथेच आहे. ताई कुठाय? तिला काही झालं का?"

"ताई केव्हाच पोचली. तासभर झाला. ती म्हणते तू तिला दिसलीच नाहीस."

धाकटीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिने त्याला पुन्हा सांगायला लावलं, लॅबमध्ये नाव विचारायची तसं. त्याने पुन्हा तेच सांगितलं.

"मी या झाडांपलीकडे गेले नाही," ती म्हणाली. "सव्वा तास मी इथे उभी आहे."

कप्तानाचा राग उतरला, आणि त्या जागी जे आलं ते रागाहून वाईट होतं. "असू दे," तो मऊ आवाजात म्हणाला, दाढ काढायच्या आधी बोलत असेल तसा. "होतं असं. तुझं मन अजून थाऱ्यावर नाही, आम्हाला कळतं."

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणजे यालाही ती गोष्ट माहीत होती! दात साफ करता करता कोणी तरी याच्याही कानात ओतली होती.

ती तोंड उघडणार तोच नदीच्या वाटेने ताई आली. धापा टाकत, गुडघा आवरत. धाकटीची नजर आधी तिच्या सायकलवर गेली. टायर, साखळी, पॅडल, सगळं काळ्या चिखलाने भरलेलं. कप्तानाच्या सायकलवर नुसती पांढरी धूळ होती, तिच्या स्वतःच्या सायकलवरही धूळच. आज या सगळ्या भागात एकाच ठिकाणी चिखल असू शकत होता. टेकडीच्या अलीकडून ओढ्याची एक पायवाट सुटते, ती मोठा चढ आणि हा फाटा दोन्ही टाळून थेट पुलापाशी निघते.

त्या चिखलाकडे बोट दाखवणं धाकटीला सहज जमलं असतं, पण ताईने स्वतःहून सांगितलेलं तिला हवं होतं. ती फक्त ताईकडे बघत राहिली.

"सापडली एकदाची," कप्तान म्हणाला. "जाऊ दे ताई, आता रागावू नकोस तिच्यावर."

ताईने सायकल झाडाला टेकवली. हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"ती हरवली नव्हती," ताई म्हणाली. "मीच इकडून आले नाही. ओढ्याच्या वाटेने गेले."

"शेपूट असून?" कप्तानाचा आवाज चिरकला. "आणि मग मगाशी..."

"दिसली नाही म्हणाले. दिसली नव्हतीच की. इथून चार किलोमीटर हिच्याबरोबर यायचं म्हणजे..." ती थांबली. "मला वाटलं, उभी राहून राहून कंटाळेल आणि येईल निघून. पुलावर बसले तर दहा मिनिटं झाली, वीस झाली, ही येईना. मग मला कळलं की ही अजून उभी आहे. तेव्हाच सांगायला हवं होतं. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही." मग ती कप्तानाकडे नाही, धाकटीकडे वळली. "आणि त्या दिवशीही तुला घरी मीच पाठवलं होतं."

कप्तानाला आता कुठे बघावं कळेना. "मी पुढे होऊन चहाचं बघतो," तो पुटपुटला आणि सायकल वळवून गेलाच.

"एवढे दिवस बोलली का नाहीस?" ताईने विचारलं.

"तू रडत होतीस. रडणाऱ्या माणसाला सगळ्यांसमोर खोटं कसं पाडायचं? आणि मग दिवस गेले ते गेलेच." धाकटीने हेल्मेट काढून हँडलला अडकवलं. "मला काय सांगतेस ताई? मला माहीतच आहे. मावशीला सांग."

"सांगते. घरी गेल्यावर निवांत..."

"आत्ता."

"इथे रेंज कुठाय?"

"वर टेकडीवर येते."

ताईने चढाकडे पाहिलं. मग गुडघ्याचा पट्टा घट्ट केला आणि सायकल तिथेच ठेवून, फोन हातात धरून खडीवरून वर चालायला लागली. दोनदा थांबली. धाकटीने हात दिला नाही. झाडांआड ताई दिसेनाशी झाली आणि बराच वेळ नुसती नदी ऐकू येत राहिली.

मग वरून आवाज आला. चाळीस पोरांच्या वर्गाला पुरणारा आवाज तो. "मावशी, मी बोलतेय. हो, बरी आहे. आधी ऐक. आई गेली त्या दिवशी हिला घरी मी पाठवलं होतं. हॅलो? मी म्हणतेय, मी पाठवलं होतं! उशीर मला झाला!"

मावशीला कानाने कमी ऐकू यायचं, आणि रेंजही धड नव्हती. "नाही गं, तिला नाही, मला! मला उशीर झाला! मी खोटं बोलले तुमच्याशी!" ताई पुन्हा ओरडली, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी तिचा आवाज फाटला, तरी ती सांगतच राहिली.

धाकटीने डोळे पुसले आणि फाटा सोडून चढ चढायला लागली.