इंजिनावरचं भरीत

फैजपूरच्या रतिलाल आबांची जीप डिझेलवर चालायची, पण धावायची वांग्यांसाठी. इंजिनातला जळका धूर ज्या बिडाच्या नळकांड्यातून बाहेर पडतो, त्या मॅनिफोल्डवर आबा हिरवीगार वांगी चंदेरी कागदात गुंडाळून तारेने बांधत. चोपड्यापर्यंत एक अंग भाजायचं, अमळनेरला उलटवली की धुळ्याच्या वेशीवर वांगी देठासकट मऊ. एकदा म्हणे त्या वासामागे एक बैलजोडी गाडीसकट चार कोस धावत आली. बैल आबांनी स्वतः मोजले होते, दोनच होते.

आबांची पुनम धुळ्याला दिलेली. व्याही सुकदेवभाऊंच्या दारात दर हिवाळ्यात जीपचं बॉनेट उघडायचं आणि सगळी गल्ली गोळा व्हायची. मागच्या हिवाळ्यात मात्र परतीला पुनम शेजारी बसली होती, आणि फैजपूरकरांसाठी वांगी पुन्हा चढवलेली होती. पायाखालचा पत्रा तापला. पुनमने दोनदा थांबायला सांगितलं. आबा म्हणाले, वांगी अर्धी झालीत, आता थांबलो तर बिघडतील. घरी उतरली तेव्हा तिच्या तळव्याला रुपयाएवढे फोड होते. त्यानंतर माहेरी आली ती एसटीनेच.

ते आबांना वर्षभर खुपत होतं. म्हणून यंदा त्यांनी ज्ञानेश्वर मिस्त्रीकडून मॅनिफोल्डला उष्णता अडवणारी पट्टी बांधून घेतली. काचेच्या धाग्याची पट्टी, पाण्यात भिजवून, वेढ्यावर अर्धा वेढा चढवत, स्टीलच्या पट्ट्यांनी आवळलेली. पहिल्यांदा धूर निघेल, घाबरू नका, उघड्या हाताने शिवू नका, असं मिस्त्री सांगत होता. आणखीही एक गोष्ट त्याने सांगितली. पण तेव्हा आबा गॅरेजातल्या गिऱ्हाइकांना बैलजोडी सांगत होते. घरी येऊन त्यांनी पुनमला फोन केला, "बाई, पत्रा गार करून घेतला. आता बस माझ्या शेजारी." पुनमने त्याच दिवशी पिशवी भरली.

धुळ्यात बॉनेट उघडलं. गल्ली वाकली. आबांनी कागद सोडला तर वांगी हिरवीकंच, नुसती कोमट, जणू आत्ताच उन्हातून तोडून आणलेली.

सुकदेवभाऊंनी एक वांगं दाबून पाहिलं. "भाऊ, बठ्ठा वांगा कच्चाच शेतस," ते म्हणाले, आणि पोरीबाळी खुदखुदल्या. अंगणात कापसाची पऱ्हाटी पेटवून देतो, तिच्यावर भाजा, असंही ते साधेपणाने म्हणाले. आबांना ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं. त्यांनी तिथूनच मिस्त्रीला फोन लावून झापलं. मिस्त्रीने शांतपणे सांगितलं, "आबा, मी बोललो होतो. पट्टी बांधली की वांगी भाजणार नाहीत. ऊब आत कोंडायलाच तर बांधलीय ती. पुनमताईंच्या पायासाठी ना?"

आबांनी फोन बंद केला. गल्ली अजून उभी होती. पुनम आत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती.

इंजिन निवलं तसं आबांनी विळा मागितला आणि उघड्या हातांनी पट्टी टराटरा फाडून काढली. मग वांगी बांधून जीप महामार्गाला लांबवर पिटाळून आणली. भरीत झालं, आणि असं झालं की सुकदेवभाऊंनी बोटं चाटली. आबांनी बैलजोडी सांगितली. यंदा बैल चार होते.

जेवणं उरकली. पुनम पिशवी घेऊन बाहेर आली. ओट्याखाली काळपट पट्टीचा गुंता पडला होता. तिने तो पायाने सरळ करून पाहिला.

"हीच का ती, आबा?"

आबांनी मान हलवली. तिला एसटीने ये म्हणावं, असं तोंडाशी आलं. पण सासरच्या माणसांसमोर तेही म्हणवेना. पुनम जीपमध्ये बसली. चपला काढून तिने पाय सीटवर पोटाशी घेतले, लहानपणी घ्यायची तसे.

काचेचा धागा आबांच्या मनगटापर्यंत रुतला होता. खाजवावं तितका तो आत शिरत होता. अमळनेर आलं तशी आबांनी कोणी न सांगता जीप बाजूला घेतली.

"थांबलात कशाला?" पुनमने विचारलं.

"पत्रा निवू दे जरा."

पुनमने बॉनेटकडे पाहिलं. "आज वर वांगी नाहीत वाटतं," ती म्हणाली.

आबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले, खाजवलंही नाही.