पिवळी दोरी

चाकणच्या त्या कंपनीत कस्तुराच्या टेबलावरून गाड्यांच्या ब्रेकची वायरिंग तपासून पुढं जायची. प्लगमध्ये पिन बसली की टक असा आवाज यायला हवा. नाही आला, तर डोक्यावरची पिवळी दोरी ओढायची. मग भोंगा वाजतो, अख्खी लाइन थांबते आणि पन्नास माना एकदम वळतात. पुन्हा सुरू करायचाही नियम होता. सुपरवायझरनं, म्हणजे अर्जुनरावांनी, दोरी ओढणारीला स्वतः विचारायचं, "ओके?" तिनं "ओके" म्हटलं, तरच किल्ली फिरवायची.

सहा वर्षांत कस्तुरानं ती दोरी एकदाही ओढली नव्हती. चूक दिसली की बाई गुपचूप स्वतःच दुरुस्त करायची, मग जेवणाची सुट्टी गेली तरी बेहत्तर. घरीही तीच तऱ्हा. तिची दाढ दुखतेय हे तिच्या नवऱ्याला, गोरक्षला, गाल टम्म सुजल्यावर कळलं.

ही सवय काही आभाळातून पडली नव्हती. ती नऊ वर्षांची असताना तिच्या आत्याला बघायला पाहुणे आले होते. पाहुण्यांना सांगायचं म्हणून घरात ठरलेलं आत्याचं वय चोवीस. पाहुण्यांनी विचारलं आणि कस्तुरा फाडकन म्हणाली, "अठ्ठावीस." सोयरीक फिसकटली. वडील, सोपानराव, तिला मारायला धावले नाहीत की ओरडले नाहीत. त्यांनी फक्त अबोला धरला. पोर पुढ्यात बसलेली असताना आईला सांगायचे, "तिला म्हणावं, जेवून घे." तब्बल चार महिने. तिनं पाय धरले, तर ते भिंतीकडं बघत राहिले. खरं बोललं की आपण घरात असून नसल्यासारखे होतो, हे तेव्हा तिच्या पोटात जे जाऊन बसलं, ते बसलंच.

त्या मंगळवारी प्लगचा नवा माल आला होता. टक होईना. सकाळपासून ती एकेक पिन अंगठ्यानं दाबून बसवत होती आणि वायरिंग पुढं सोडत होती. दुपारी पावणेदोनला तिनं दाबलेलीच एक पिन सहज ओढून बघितली, तर ती अलगद हातात आली. आणि सकाळचे अठरा खोके बाहेर गाडीत चढले होते. दोनला गाडी निघणार होती.

"भाग्यश्री, हे बघ," ती शेजारच्या टेबलाकडं वळून म्हणाली.

भाग्यश्री चिंचवडची, जिभेला हाड नसलेली. "बघत काय बसलीस? ओढ ना दोरी."

"अर्जुनराव बोलायचं बंद करत्यात. मागं तेजलनं दोरी ओढली, तर तिच्याशी पंधरा दिवस बोलले न्हाईत."

"पंधरा दिवस सुखात गेले म्हण की तिचे."

कस्तुराला हसू आलं नाही. पण ही वायर कुणाच्या तरी ब्रेकला लागणार होती. तिनं हात वर केला आणि दोरी ओढली.

भोंगा वाजला. सुपरवायझर अर्जुनराव तरातरा आले. प्लग पाहिला, घड्याळ पाहिलं, कस्तुराकडं मात्र पाहिलं नाही. भाग्यश्रीला म्हणाले, "तिला सांग, ओके म्हणायला."

कस्तुराचे कान तापले. क्षणभर ती पुन्हा नऊ वर्षांची झाली, आणि मग तिला असा काही राग आला की ती सरळ अर्जुनरावांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"मी हितंच उभी हाय, सर. मला इचारा."

"भाग्यश्री, सांग तिला."

"मी काय टपाल वाटायला येते का, सर?" भाग्यश्री म्हणाली.

कस्तुरानं हाताची घडी घातली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. बाहेर गाडीवाला हॉर्न मारून दमला. तिनं नजर हलवली नाही. नका बोलू म्हणावं, तिला घाई नव्हती.

शेवटी अर्जुनराव तिच्याकडं वळले. "काय झालंय, कस्तुरा?"

"सकाळपासून पिना बसत न्हाईत. मी दाबून बसवल्या, आन् सांगितलं न्हाई. चूक माझी हाय. आता सगळे खोके उतरवा."

"साहेबांना काय सांगू मी?"

"माझं नाव सांगा."

खोके खाली आले. एकेक उघडून प्लगमधल्या पिना ओढून बघितल्या जाऊ लागल्या. पहिल्याच खोक्यात चार सुटल्या. तेरावा खोका झाल्यावर अर्जुनरावांनी कपाळ पुसलं आणि किल्ली हातात घेतली.

"आता तरी ओके?"

"न्हाई, सर," कस्तुरा म्हणाली. "पाच ऱ्हायलेत."