तिला निवांत राहू द्या

सप्टेंबरात मार्युतने कायानी शहरापलीकडच्या तळ्याकाठच्या एका सरकारी शाळेत शिक्षकांना प्रशिक्षण दिलं होतं. विषय स्वमग्न मुलं. शिक्षक सोळा, कॉफी भरपूर, वेळ फक्त तीन तास. तीन तासांत काय डोंबल शिकवणार? म्हणून जाता जाता तिने फळ्यावर एकच वाक्य लिहिलं: 'पिह्ला गोंधळली, की तिला निवांत राहू द्या.'

पिह्ला त्याच शाळेतली, तिसरीतली स्वमग्न मुलगी. तेव्हा ती भेटेल त्याला बसचे नंबर ऐकवायची. पोरं हसायची, पण ऐकायची.

आमच्या कायानीकडे माणसाला त्याच्या जागी निवांत राहू देणं, यापरता मोठा मान नाही. बसथांब्यावरसुद्धा आम्ही एकमेकांपासून चार हात लांब उभे राहतो. त्यामुळे त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग कधी गळून पडला, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मे महिन्यात मार्युत पाहणीला आली. वर्गशिक्षक हेइमो, अगदी भला माणूस, तिला कौतुकाने आत घेऊन गेला. खिडकीशी लाकडी आडोसा उभारलेला होता आणि त्यामागे पिह्ला एकटी बसली होती.

"अख्ख्या वर्षात एकदाही रडली नाही," तो कुजबुजला. "पोरांनाही बजावून ठेवलंय. तिच्या वाटेला कोणी जात नाही, बोलत नाही."

"कोणीच?"

"कोणीच. तूच तर शिकवलंस."

"आणि तू, हेइमो?"

"मी वही ठेवतो ना तिच्यापुढे, हळूच. मला काय तिला त्रास द्यायची हौस आहे?"

या माणसावर चिडावं तरी कसं? त्याने कामचुकारपणा केला असता तर पोर वाचली असती.

ती आडोशामागे जाऊन खाली बसली. "पिह्ला, मी मार्युत. हल्ली कुठल्या बसने येतेस गं?"

पिह्लाने मान वर केली नाही. घोगऱ्या, चाचपडत्या आवाजात तिने विचारलं, "मी तुला दिसते?"

"दिसतेस की."

"मग त्यांना का नाही दिसत?"

मार्युतला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तेवढ्यात मधली सुट्टी झाली. वर्गातली सगळी मुलं मोजे घातलेल्या पायांनी आडोशाजवळून गेली, माना खाली घालून, चकार शब्द न काढता. शेवटच्या मुलीने तर श्वासही रोखून धरला होता. दाराबाहेर पडल्यावर सगळी एकदम बोलायला लागली.