ढोलीला गिलावा

थोरल्याला पसारा म्हणून खपत नसे आणि धाकटा म्हणजे मूर्तिमंत पसारा. वडिलांच्या मागे दोघांनी चराईचं रान मधोमध वाटून घेतलं होतं. जाड बुंध्यांची जुनी झाडं, खाली गवत, गवतात गाई. थोरल्याच्या बाजूला वाळकी काटकी सापडत नसे. धाकट्याच्या बाजूला गेल्या वादळात पडलेलं झाड अजून आडवंच होतं, आणि बहुतेक वेळा त्याला टेकून धाकटाही.

यंदा चराईचा परवाना नव्याने मिळणार होता. वनखात्याच्या बाई पाहणीला येणार, रानात पाखरं-प्राणी नीट राखलेत का ते बघणार. पसंत पडलं तर गाई राहणार, नाहीतर रानाला कुंपण. अकरा गाई हाच थोरल्याचा संसार. त्याने कंबर कसली. आठ दिवस घाम गाळून पडलेल्या फांद्या जाळल्या, झुडपं छाटली, शेण टोपल्यांनी उचलून नेलं. शेवटी मोठ्या झाडाची ढोली तेवढी राहिली. तिच्यात दगड-माती भरून त्याने वरून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा केला. त्याआधी आतली पिंगळ्यांची जोडी फडफडत बाहेर पडली, तेव्हा तिला त्याने समजावलंही, "जरा दुसरीकडे बसा. पाहुणे यायचेत."

"दादा, कशाला एवढा जीव काढतोस?" धाकट्याने बसल्या जागेवरून विचारलं.

"तुझ्या ऐदीपणापायी माझाही परवाना जाऊ नये म्हणून!"

बाई आल्या. थोरल्याची बाजू त्यांनी दोनदा पालथी घातली. शेणकिडा नाही, सरडा नाही. गिलाव्यावरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "इथे काय होतं?"

"भोक होतं. बुजवलं," थोरला छाती फुगवून म्हणाला.

"आमच्या यादीत इथे पिंगळे आहेत."

"होते ना! हाकलले."

बाईंनी यादीवर फुली मारली. धाकट्याच्या बाजूला मात्र त्या तासभर रमल्या. कुजक्या लाकडात भुंगेरे, झुडपात घरटी, आणि वरच्या फांदीवर तीच बेघर झालेली जोडी.

पंधरा दिवसांनी कागद आला. धाकट्याचं रान आदर्श. थोरल्याला वर्षाची मुदत. ढोली उघडायची, पिंगळे परतले तर गाई राहतील. तोवर सगळं धाकट्याच्या सल्ल्याने.

थोरल्याच्या पायाखालची जमीन सरकली. तीस वर्षं ज्याला ऐतखाऊ म्हटलं, त्याच्यापुढे जाऊन उभं राहताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सांग बाबा. काय करू?"

धाकट्याने छिन्नी दिली. थोरल्याने स्वतःच्या हाताने गिलावा फोडला, दगड उपसले. मग पुन्हा विचारलं, "आता?"

"आता बस."

थोरला बसला. समोर एक वाळकी फांदी पडली. त्याचे हात शिवशिवले, तो उठला.

"दादा," धाकटा डोळे न उघडता म्हणाला, "गाई ठेवायच्यात ना?"

थोरला निमूटपणे खाली बसला. वर्ष किती मोठं असतं, हे त्याला पहिल्या पंधरा मिनिटांतच कळलं.