अँडीजच्या बोगद्यातली ढकलगाडी

मित्रांनो, मी एक जुनी ढकलगाडी आहे. चार लोखंडी चाके आणि वर जाड फळ्या, एवढाच माझा संसार. चिली आणि अर्जेंटिनाच्या मधल्या उंच डोंगरांतून जो रेल्वेचा बोगदा जातो, त्यात माझा जन्म गेला. पहारी, खिळे, कंदील असे सामान लादून चिलीचा गँगमन ओनोफ्रे मला रुळांवरून ढकलत नेई.

बोगद्याच्या मध्यावर, भिंतीवर एक पांढरा पट्टा होता. तीच दोन देशांची सीमा. पलीकडचे रूळ अर्जेंटिनाचा बेलिसारिओ सांभाळायचा. पट्ट्यापाशी दोघे भेटले की आधी भांडण व्हायचे.

"तुम्ही चिलीवाले बोलता की शब्द गिळता रे? निम्मं पोटातच राहतं!" बेलिसारिओ म्हणायचा.

"आणि तुम्ही? तो कडू माते चोखत बसता. गाडी येऊन गेली तरी पत्ता नसतो!"

एवढे बोलून ओनोफ्रे त्याच मातेसाठी, म्हणजे नळीने प्यायच्या त्या पानांच्या कडू चहासाठी, हात पुढे करायचा. माझ्या फळीवर बसून दोघे एकाच नळीने पीत. तेव्हा मला फार बरे वाटे.

मग दोन्ही सरकारांचे बिनसले. बोगद्याच्या तोंडांशी बंदुका घेतलेले शिपाई उभे राहिले. पट्टा ओलांडायचा नाही, असा हुकूम सुटला. ओनोफ्रे अलीकडे काम करी, बेलिसारिओ पलीकडे. नुसते खोकून एकमेकांना खुशाली कळवत.

एके सकाळी अर्जेंटिनाच्या तोंडाशी बर्फाचा कडा कोसळला आणि ती वाट बंद झाली. त्या हादऱ्याने छताला लटकलेले बर्फाचे सुळे तुटून बेलिसारिओच्या पायावर पडले. अंधारातून त्याची किंकाळी आली. ओनोफ्रे पट्ट्यापाशी क्षणभर थांबला. मग मला दोन्ही हातांनी पुढे लोटत तो पलीकडे गेला.

"परत जा, वेड्या! गोळी घालतील तुला," बेलिसारिओ कण्हत म्हणाला.

"आज तरी गप्प बस!" ओनोफ्रेने त्याला उचलून माझ्यावर आडवे केले.

चिलीच्या तोंडाशी शिपायाने बंदूक रोखली. "थांब! कोण आहे तो? कुठला?"

"बोगद्यातला," ओनोफ्रे म्हणाला.

शिपाई कोवळा पोरच होता. त्याने गाडीवरून ठिबकणारे रक्त पाहिले. बंदूक पाठीला अडकवली आणि म्हणाला, "काका, तुम्ही दमलात. सरका, मी ढकलतो."

बेलिसारिओ वाचला, पण लंगडा झाला. दोन्ही सरकारांचे पुन्हा जुळले. गाड्या मात्र काही वर्षांनी कायमच्या थांबल्या. ओनोफ्रेही वारला. मला पडक्या शेडमागे टाकून दिले. वाटसरू माझ्या फळ्या काढून शेकोटीत घालू लागले.

गेल्या उन्हाळ्यात बेलिसारिओ काठी टेकत आला. सोबत त्याची मुलगी होती. त्याने माझ्यावरची धूळ झटकली, खिशातून तेलाची बाटली काढली आणि एकेक चाक पुसून त्याला तेल लावले.

"बाबा, रूळच उरले नाहीत. आता ही जाणार कुठे?"

"कुठे जायचं नाही म्हणून गंजू द्यायची का हिला?" तो म्हणाला.

मित्रांनो, माझे चाक त्या दिवशी किती वर्षांनी फिरले! तुमच्याही घराच्या कोपऱ्यात कुणीतरी असे थकून बसले असेल. ते माणूस असो वा वस्तू, जाता-येता त्याच्यावरून एकदा हात फिरवा.