तेरा थरांची मूठ

फौजदार साहेब, तुम्ही तेरा थरांतला एकच थर पाहिलात आणि माझ्या भावाला चोर ठरवलंत.

केरबा चार वर्षं फौजेच्या कारखान्यात होता. तिथं कापडाचे थर कसल्याशा रसायनात भिजवून, तापवून दाबत. त्याची तपकिरी फळी होई, लाकडाहून चिवट. शेचाळीस साली पलूसला परतल्यावर त्यानं ती घरी करून बघितली. रसायन कुठलं आणणार? सोनाराकडची लाख स्पिरिटात विरघळवली. वहिनीचं, बनुबाईचं, फाटकं लुगडं कापून तुकडे त्यात भिजवले, वाळवले, एकावर एक रचून दोन तापल्या तव्यांत घातले आणि वर दाब म्हणून जात्याची तळी, खालचा जड दगड, ठेवली. पहिल्या खेपेला लाख ओघळून तवेच एकमेकांना चिकटले. दोन दिवस भाकरी शेजारणीच्या तव्यावर.

"ह्येंचं डोस्कं बी असंच चिकटलंय," वहिनी म्हणाली.

चौथ्या खेपेला जमलं. करवतीनं कापून, कानशीनं घासून त्यानं विळ्याच्या सहा मुठी केल्या. कडेला लुगड्याच्या हिरव्या रेघा. पण तेराव्या थराला लुगडं पुरलं नाही, तेव्हा त्यानं आपल्या जुन्या खाकी सदऱ्याची पाठ फाडून मधे घातली. मुठी विकायला बाजारात नेल्या, तर नेमकी तीच खाकी रेघ तुमच्या नजरेला पडली. मुठी जप्त, केरबा साताऱ्याच्या कोठडीत. आरोप काय, तर फौजेचा माल चोरला.

आम्ही कचेरीत आलो. वहिनी पुढं झाली. "आवं सायब, माझं लुगडं हाय त्ये. बारा थर लुगड्याचं, एक सदऱ्याचा."

"बाई, लुगडं नेसतात. त्याच्या मुठी करत नाहीत."

"फाटल्यालं तुमी नेसून दावता का?"

हवालदार हसला. तुम्ही हसला नाहीत.

मग केरबाला आणलं. तो शांतपणे म्हणाला, "सायब, फौजेची फळी उकळत्या पाण्यात टाका, ढिम्म हलायची न्हाई. माजी लाखंची हाय. मऊ पडंल, थर सुटत्याल. एक मूठ टाकून बघा."

"पुरावा बिघडवायचा काय?"

"सा हायत, सायब. पाच ऱ्हात्यात की."

तुमच्या टेबलामागं चहाचं आधण खदखदत होतं. तुम्ही शिपायाला चहा टाकायला सांगितलंत, कप रिकामा केलात आणि कोठडीच्या कागदावर सही केलीत. केरबा परत आत गेला.

आज एकविसावा दिवस. सोमवारी खटला उभा राहतोय. केरबाच्या बाजूनं बोलणारी वस्तू एकच, आणि ती तुमच्या कपाटात कुलपात आहे. त्या कपाटापासून आधण चार पावलांवर. मी मोजलीत.

मूठ पाण्यात का टाकली नाहीत? थर सुटले असते तर तुमचं काय सुटलं असतं? सोमवारच्या आत, लेखी उत्तर द्या.