घणबाहू, वावटळ आणि उलट्या पिना मारलेला मी

मी एक जुना कॉमिकचा अंक आहे. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो, मित्रांनो. बाकी तुमचं-माझं जमेल असं काही दिसत नाही. तुम्ही बोटाला थुंकी लावून पानं उलटता. मी सगळं बघतो.

माझ्यात दोन वीर आहेत. एका ठोशात भिंत पाडणारा घणबाहू आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गावाला वळसा घालणारी वावटळ. दोघांची पुस्तकं वेगवेगळी निघायची. एकट्याच्या जिवावर खपेनात, म्हणून छापखानेवाल्यानं दोघांची मोट बांधली आणि मी जन्माला आलो. गोष्ट साधी. पहिली सोळा पानं गैरसमज आणि हाणामारी. पुढची सोळा पानं दोघं मिळून खलनायकाला बडवतात आणि शेवटी हात मिळवतात.

आणि बाइंडरनं काय करावं? डबा खाता खाता मागचा गठ्ठा पुढे ठेवला, पुढचा मागे, आणि कडेला दोन पिना. ठाक, ठाक! त्याच्या हाताला लकवा का नाही भरला? माझ्यात आधी हात मिळवतात आणि मग एकमेकांची हाडं मोडतात. शेवटच्या चित्रात घणबाहूची मूठ उगारलेली, समोर वावटळ ओरडतेय, "ये, बघतेच तुला!" खाली लिहिलंय, 'पान उलटा'. उलटलं की दंतमंजनाची जाहिरात.

असा मी एका घड्याळजीच्या घरी पोचलो. मामानं दोन भाच्यांत मिळून एकच अंक आणला होता, कंजूष मेला. ताई झाली घणबाहू, धाकटी झाली वावटळ. खेळाला शेवटच नव्हता, त्यामुळे आई लाटणं घेऊन येईपर्यंत चालायचा. एक दिवस "आधी मी वाचणार" म्हणत दोघींनी मला दोन्हीकडून ओढलं. टर्र! बरोबर मधोमध. हात मिळवायची पानं धाकटीकडे गेली, मारामारीची ताईकडे.

पुढे घड्याळजी गेले, दुकान दोघींकडे आलं. ताई भिंतीवरची घड्याळं उघडते, धाकटी मनगटावरची. टेबल एक, खण दोन, आणि दोन्ही खणांत स्प्रिंगांखाली अर्धा अर्धा मी. भांडण कशावरूनही सुरू होवो, संपायचं माझ्यावर.

"तू फाडलंस!"

"तू ओढलंस म्हणून फाटलं, भवाने!"

केस पिकले तरी हेच. शेवटी ठरलं, दुकानाच्या मधोमध फळी ठोकायची. पण खिडकी एकच, आणि घड्याळाचं काम उजेडाशिवाय होत नाही. जिला खिडकी नाही तिनं दुकान बंद करावं, इतकं सरळ. फणकाऱ्यात दोघींनी आपापले खण टेबलावर पालथे केले.

फळी घेऊन सुतार आला. "खिडकी कोणाच्या बाजूला?"

"माझ्या!" दोघी.

"ठरवा निवांत. मी बसतो."

बसल्या बसल्या त्यानं माझे दोन्ही तुकडे उचलले, आकडे बघून जुळवले आणि वाचले. इतक्या वर्षांत पानांवरचे आकडे बघणारा हा पहिला शहाणा!

"झकास आहे हो. मरेस्तोवर मारतात, पण शेवटी हात मिळवतात."

"शेवटी? काहीतरीच," ताई म्हणाली. "आधी मिळवतात."

"आधी कसं? हे बघा, पान बत्तीस."

दोघी डोक्याला डोकं लावून बघायला लागल्या. मला वाटलं, आता गळ्यात पडून रडणार, माझी पानं भिजवणार. तेवढ्यात सुतारानं सरसाचा डबा थेट घणबाहूच्या तोंडावर ठेवला.

"ओ! डबा उचला!" दोघी एकदम ओरडल्या. "आमचं आहे ते!"

"अहो, मला वाटलं रद्दी..."

"रद्दी?" ताईनं मूठ आवळली. धाकटी तोवर दारापाशी पोचलीसुद्धा, दार सताड उघडून उभी. "निघा!"

"आणि फळी?"

"राहू दे तिथंच!"

बिचारा पळाला. मी मनसोक्त हसलो. सरस लागला होता तरी हसलो.

मग धाकटीनं स्टेपलर काढला.

"नंबरानं लाव गं," ताई म्हणाली.

"गप. हात मिळवणं आधी, भांडण नंतर. आपलं तसंच आहे."

ताईनं जरा विचार केला. "मार पिना."

ठाक, ठाक! पुन्हा उलटा! ज्या चुकीला जन्मभर शिव्या घातल्या, ती या दोघींनी डोळे उघडे ठेवून केली!

आता मी खिडकीत असतो. फळी भिंतीला टेकून आहे, आणि रोज एकदा तरी कोणीतरी तिच्याकडे बोट दाखवून दम देतंच. तेव्हा मित्रांनो, पानांचे आकडे बघा, आमच्यावर डबे ठेवू नका, आणि ती थुंकी आधी पुसा. दोघी मला अजून वाचतात. उगारलेल्या मुठीपर्यंत येतात, 'पान उलटा' वाचतात, एकमेकींकडे खाऊ की गिळू असं बघतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.